आईची पापं मी वाचून दाखवली

सन १९५४. मोहफुलं संपून आंबे लागले होते, म्हणजे एप्रिलची अखेर किंवा मे. वार रविवार, वेळ सकाळची. तारीख लिहिलेली नाही. तेव्हा मी तारखा लिहून ठेवत नव्हते.

जागा: नदीकाठच्या मिशनचं प्रार्थनाघर. तेव्हा जिल्हा एकच होता, चांदा.

हजर: मोठ्या बाई, गोऱ्या, मिशनच्या प्रमुख. उपदेशक मास्तर, नगरकडून आलेले. बोर्डिंगच्या अकरा मुली, त्यांत मी आणि माझ्या शेजारी झोपणारी रुपी. बाकांवर मिशनची कामकरी माणसं, बायकापोरं धरून वीस. दाराबाहेर, डोक्यावर टोपली घेऊन उभी असलेली माझी आई. मला धरून चौतीस.

आईला आम्ही यायो म्हणतो. पुढे तसंच लिहीन.

मी टेबलाशेजारी उभी होते. वय तेरा. हातात कागद. मी वाचत होते, चांगलं वाचत होते, कारण वाचनात मी अकराजणींत पहिली होते.

"माझी आई मोहाची दारू गाळते. माझी आई दगडापुढे कोंबडं कापते. माझे वडील मेल्यावर वर्षाच्या आत माझी आई दिराच्या घरी राहायला गेली."

इथे बाकांवर कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं. मास्तरांनी हात वर केला आणि हसू थांबलं. मी पुढे वाचलं. चौथं, पाचवं, सहावं, सातवं. सहावं असं होतं: "माझ्या आईने माझ्या मेलेल्या लहान भावाला मोहाच्या झाडाखाली पुरलं आणि झाड त्याला दूध पाजतं असं ती म्हणते."

ते वाचताना मी मान वर केली आणि दारात यायो दिसली. ती कधीपासून उभी होती ते मला आजही माहीत नाही. यायोला मराठी बोलता येत नसे, पण आठवडी बाजारापुरती कळत असे. दारू, दगड, दीर, मोह. एवढे शब्द तिला पुरेसे होते.

मी थांबले नाही. सातवंही वाचलं.

हा कागद कसा झाला ते सांगते.

पाण्यातला विधी, बाप्तिस्मा, दोन आठवड्यांवर आला होता. त्याआधी प्रत्येक मुलीने आपापली पापं लिहून आणायची असा बाईंचा नियम. रुपीने दीड पान भरलं. मी म्हटलं, "एवढी कुठून आणली गं?"

"अर्धी माही, अर्धी मांगच्या सालच्या पोरींची," रुपी म्हणाली. "कमी लिहिलं का बाई पुन्हा बसवते."

मी कमी लिहिलं. मला तीनच आठवली. पण याद्या नीट करायची खोड मला तेव्हापासून आहे, म्हणून मी दोन रकाने पाडले. डावीकडे काय केलं, उजवीकडे ते कसं मिटलं.

मरका पंडुम, म्हणजे आमचा आंब्याचा सण, व्हायच्या आधी कैरी खाल्ली. भूमियाला, गावाची पूजा करणाऱ्या म्हाताऱ्याला, सांगितलं. कोंबडीचं पिल्लू दिलं. मिटलं.

काकाचं मासे धरायचं जाळं फाडलं. बसून विणून दिलं. मिटलं.

चुलतभावाच्या डोक्यात दगड मारला. सगळ्यांसमोर त्याला माझ्या हाताने पेज पाजली, तो प्यायला. मिटलं.

आमच्याकडे असंच असतं. चूक कोणाची तरी केलेली असते. माणसाची, गावाची, जमिनीची. ज्याची केली त्याच्यापुढे सांगायचं, त्याचं भरून द्यायचं, मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. जेवण झालं की संपलं. नंतर कोणी ती काढली तर काढणाऱ्याची चूक.

बाईंनी माझा कागद पाहिला. लाल पेन्सिल घेतली आणि उजवा रकाना वरपासून खालपर्यंत खोडला.

"कोंबडीने पाप जात नाही," त्या म्हणाल्या. "आणि ही पापं नव्हेत. ही पोरांची भांडणं. पाप आत असतं. तू जन्मलीस तेव्हाच ते तुझ्यात होतं."

मी विचारलं, "जन्मताना मी कोणाचं काय केलं?"

मास्तर बाजूला होते. ते म्हणाले, "जंगलातली माणसं. यांना लाज नाही म्हणून पाप कळत नाही. हिला आईचं विचारा बाई. पोरीत जे आलं ते तिथूनच आलं."

बाईंना ते पटलं. त्यांनी नवा कागद दिला. "आईचं लिही."

मला चौथीनंतर नर्सिंगला पाठवायचं ठरलं होतं. पांढरी टोपी, पांढरे बूट. मला ते हवं होतं. मी लिहिलं. सात कलमं झाली. मास्तरांनी एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. दीर त्यांनीच काढून घेतला. मेलेल्या भावाचं मात्र मी आपणहून सांगितलं. मास्तरांना सात हवी होती आणि मी पाचांवर अडले होते.

हे मी लपवत नाही. मिशनने माझी खरूज बरी केली हेही लपवत नाही. अक्षर त्यांनीच शिकवलं. ज्या अक्षरात मी यायोची पापं लिहिली, तेच हे अक्षर.

वाचून झाल्यावर बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "आज तू मोकळी झालीस." मग दाराकडे पाहून मास्तरांना म्हणाल्या, "त्या बाईला सांगा, टोपली आत नको."

यायो दीड दिवस चालून आली होती. गावात पंडुम झालं होतं आणि पहिले आंबे ती माझ्यासाठी आणि माझ्यासोबतच्या मुलींसाठी घेऊन आली होती. गावाच्या आईला, म्हणजे गावदेवीला, आधी वाहिलेले. मास्तर दारात गेले, टोपली तिच्या डोक्यावरून उतरवली आणि आंबे गोठ्यात गाईंपुढे ओतले. रिकामी टोपली तिच्या हातात दिली.

"सैतानाचं उष्टं मुलींना देऊ नका," ते म्हणाले. एकदम आदराने म्हणाले. अहोजाहो करत.

मी बाहेर गेले. यायो टोपली उलटी करून तिच्यावर बसली होती. ती गोंडीत बोलली. तिचं बोलणं मी आमच्या बाजूच्या मराठीत लिहिते.

"बाकीचं सांगतलं तं सांगतलं," ती म्हणाली. "दारू गाळतो, गाळतो. तुह्या काकाच्या घरी गेलो, गेलो. गावाले ठाऊक हाये. पोरग्याचं काऊन सांगतलं?"

मी हातातला कागद पाठीमागे धरला.

"ते झाड म्या तुले दाखवलं होतं," यायो म्हणाली. "त्याइले नाई."

मग उठली. पाणी मागितलं नाही, सावलीत बसली नाही. दीड दिवसाच्या वाटेला लागली. मी फाटकापर्यंत गेले. पुढे जायला मुलींना मनाई होती.

रुपी खिडकीतून बघत होती. संध्याकाळी ती म्हणाली, "तुही माय रडली नाई वो. माही असती तं मास्तरच्या टकुऱ्यात टोपली घातली असती."

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. चार दिवसांची सुट्टी मागितली. कशाला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी यायोची चूक केली आहे, ती मिटवून येते. कोंबडी घेईन, तांदूळ घेईन, जेवण देईन, परत येईन.

बाई हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मुली, तू खरं बोललीस. खरं बोलणं पाप नाही. आणि काही असेल तर देवाने माफ केलं आहे. आता विसर."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. तिथे मला ते कळलं. तेरा वर्षांच्या पोरीला कळतं तसं, एकदम आणि सबंध.

मी मारलेला दगड यायोला लागला होता. माफ मात्र दुसराच कोणी करत होता. तिला न विचारता. ती दीड दिवसाच्या वाटेवर अनवाणी चालत होती आणि इथे तिच्या वतीने सगळं फिटलं होतं. ही माणसं लहान बाळाला पापी म्हणतात, आणि आईने लेकीसाठी आणलेले आंबे गाईपुढे ओतणं हे त्यांच्या कोणत्याच यादीत बसत नाही. मी त्यांच्या यादीत शोधलं. दहा आज्ञा पाठ होत्या. दोनदा म्हणून पाहिल्या. आंब्यांचं कुठेच नव्हतं.

दोन आठवड्यांनी नदीवर नेलं. पांढरे झगे घातले. मास्तर कमरेएवढ्या पाण्यात. प्रत्येकीला विचारायचे, "तू पापी आहेस हे कबूल आहे?" मुलगी म्हणायची, "कबूल." मग पाण्यात बुडवायचे. रुपी माझ्या आधी गेली. कबूल म्हणून नाक धरून बुडाली.

माझी पाळी आली. मी काठावरच उभी राहिले.

"कबूल आहे?"

मी म्हटलं, "कोणाची चूक केली ते सांगा."

"देवाची."

"देवाचं मी काही घेतलं नाही. यायोचं घेतलंय. तिचं मिटवून येते, मग विचारा."

मास्तर म्हणाले, "ते माफ झालं आहे."

"यायोनं केलं नाही."

काठावर कुजबुज झाली. मोठ्या बाई जवळ आल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "आत उतर. नाही उतरलीस तर आज रात्री तुला बोर्डिंगात जागा नाही. नर्सिंगही नाही."

मी झगा काढला. आत माझे रोजचे कपडे होते. झग्याची घडी घातली, दगडावर ठेवली. बाईंना म्हटलं, "एक झगा. जमा करून घ्या." आणि चालायला लागले.

दीड दिवस. वाटेत एका घरी पेज मिळाली.

गावात पोहोचल्यावर मी भूमियासमोर बसले. यायो होती, काका होता, सगळं गाव होतं. मी सातही कलमं सांगितली. कोणी हसलं नाही. मला वाटलं, आता कोंबडी सांगतील, तांदूळ सांगतील, रात्री जेवण होईल.

भूमियाने तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "पोरी, हे तू इथी बोलली होती का?"

"नाई."

"आमी आयकलं होतं का?"

"नाई."

"मंग आमी कसं मिटवू? जिथी बोलली तिथी जा. ज्याइनं आयकलं त्याइच्यासमोर उभी राय. तुह्या मायले संग ने. बोललेलं वापस घे आन त्याइले जेवू घाल. ते जेवले का मिटलं."

"ते मले आत नाई घेत," मी म्हटलं.

"मंग उरलं," भूमिया म्हणाला. त्याने ते रागाने म्हटलं नाही. नदीला पूर आहे, आज पलीकडे जाता येणार नाही, असं सांगावं तसं म्हटलं.

म्हणून मी हजेरी लिहून ठेवली. चौतीस नावं. त्यातली एक मी, एक यायो. उरले बत्तीस. ऐकणारे बत्तीस.

त्याला तीस वर्षं झाली. मी तालुक्याच्या शाळेत उशिरा शिकले, सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागले, आता कोठी सांभाळते. औषधं, चादरी, बाटल्या, सगळ्याची नोंद माझ्याकडे. एक सुई इकडची तिकडे झालेली चालत नाही. आणि घरी हे.

यायो माझ्याजवळ राहते. मला ताप आला की उशाशी बसते. माझ्या केसांना अजून तेल लावते. पण माझ्या हातचं खात नाही. तीस वर्षांत माझ्या हातचा घास तिने घेतला नाही, पाणी घेतलं नाही. आधी स्वतःचं स्वतः रांधायची, आता तिच्यासाठी माझी सून रांधते. शेजारणी म्हणतात, म्हातारी मोठी हट्टी. हट्ट नाही तो. मिटलेलं नसताना मिटल्यासारखं वागायचं नाही, एवढंच. ते खोटं होईल. खोटं यायोला जमत नाही.

आता तिला दिसत नाही, उठवत नाही. उद्या ती जाईल. तेव्हा शेवटचं पाणी तिच्या तोंडात घालायला माझा हात चालणार नाही.

मिशनला मी तीन पत्रं लिहिली. एका रविवारी दहा मिनिटं बोलू द्या, मग मी आणलेलं जेवण सगळ्यांनी खावं, एवढीच मागणी. तिसऱ्या पत्राला नव्या पाद्र्यांचं उत्तर आलं. अक्षर सुंदर. "ताई, आपल्या मनात कटुता आहे याचे दुःख वाटते. प्रभूमध्ये सर्व क्षमा केव्हाच झाली आहे. आपण म्हणता त्या विधीची आवश्यकता नाही." कटुता माझ्याच मनात. म्हणजे पाप पुन्हा माझ्याच आत निघालं.

आता पत्र लिहिणार नाही.

बत्तीसांपैकी हयात एकोणीस. मोठ्या बाई त्यांच्या देशात वारल्या. मास्तर वारले. रुपी आहे, तिथेच राहते, आजी झाली आहे. तिला विचारलं. म्हणाली, "ये तू. मी बसतो पहिल्या बाकावर. काय करतेत ते पाहू." उरलेल्या अठरापैकी पंधरा कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. तिघांचा शोध चालू आहे.

पंडुम झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी जायचं. परवानगी मागायची नाही. बैलगाडीवर खाट, खाटेवर यायो. ती दाराबाहेर राहणार नाही. जिथे मी उभी होते तिथे, टेबलाशेजारी, तिची खाट ठेवायची. मग सातही कलमं त्याच क्रमाने वाचायची आणि प्रत्येकानंतर म्हणायचं: हे पाप नव्हतं, हे मी बोलले ते पाप. कोणी हसलं तर थांबायचं नाही. कोणी हात धरला तर सोडवून घ्यायचा. जो जेवणार नाही त्याचं नाव लिहून घ्यायचं आणि त्याच्या घरी पुन्हा जायचं.

तयारी:

तांदूळ, घरचे. आहेत.
कोंबड्या, चार. आहेत.
पळसाच्या पत्रावळी. सुनेने लावल्या.
आंबे, एक टोपली. पंडुम झाल्यावर.
बैलगाडी. काकाचा मुलगा आणतो म्हणाला.
सहावं कलम वाचताना आवाज न थांबणं. रोज म्हणून पाहते. अजून थांबतो.
यायोला पाणी. बाकी.