माझा हलका हात

सोलापुरात इंटर्न असताना माझा हात फार हलका आहे, असा माझा स्वतःबद्दल ठाम समज होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवजात बाळांच्या खोलीत रोज सकाळी टाचेला सुई टोचून काविळीच्या तपासणीसाठी रक्त घ्यायचं काम माझ्याकडे. माझ्या हातून बाळं रडत नसत. एवढ्याशा जिवाला दुखत नाही, असं आम्हाला शिकवलेलंच होतं. शिवाय माझा हात!

तिथल्या सिस्टर करमाळ्याकडच्या. मी सुई तयार करेपर्यंत त्या उकळून गार केलेल्या साखरपाण्याचे दोन थेंब बाळाच्या जिभेवर सोडत, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात त्याचे हातपाय पोटाशी गुंडाळत आणि डोक्यावर तळवा ठेवून मला म्हणत, "थांबा की जरा." मी घड्याळ बघत उभा. बाईंना लाडच फार, असं वाटे.

एकदा त्या रजेवर गेल्या. कुंभारी गावच्या एका बाईचं सातव्या महिन्यातच जन्मलेलं पोर होतं, टाच टोचून टोचून काळीनिळी झालेली. बदलीवरच्या सिस्टर धरायला पुढे आल्या, तर मी ऐटीत म्हणालो, "राहू द्या, माझ्या हातून रडत नाहीत." आणि उघड्या पोराला टोचलं.

त्याचं तोंड वासलं, आवाज फुटला नाही. बोटं फाकली, श्वास अडकला, ओठ निळे पडले. बदलीच्या सिस्टरनी तळपायाला टिचक्या मारमारून श्वास परत आणला. आईला आत यायची परवानगी नव्हती. ती काचेपलीकडून बघत होती.

दुसऱ्या दिवशी रजेवरून परतलेल्या सिस्टरांना मी म्हणालो, "काल त्याचं काहीतरी बिनसलं होतं."

"त्याचं?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर, मी धरते म्हणून ती रडत न्हाईत."

"मग आधी बोलायचं नाही का?"

"तुमी ऐकायला थांबत व्हता कुटं?"

त्याच आठवड्यात पोराच्या अंगात जंतू भिनले आणि एका दुपारी ते गेलं. सिस्टरांनी ते गुंडाळून माझ्याकडे दिलं. दाराशी आईनं आधी मलाच विचारलं, "डॉक्टरसायेब, त्या दिवशी लई दुखलं का वो त्याला?"

पुस्तकातलं वाक्य तयार होतं. तिला त्यानं बरंही वाटलं असतं.

"हो," मी म्हणालो. "दुखलं."

तिनं हात पुढे केले आणि पोर माझ्याकडून काढून घेतलं.