फ्रेमवाल्याचा जुना कॅमेरा

फ्रेमवाल्याला लोक भित्रा म्हणायचे, ते काही उगाच नाही. काच कापताना न डगमगणारा हा गडी दवाखान्याची पायरी चढताना मात्र पार गळून जायचा. आणि आता आईमागे ज्या ताईने त्याला लहानाचं मोठं केलं, तिचं सोमवारी हृदयाचं ऑपरेशन होतं.

फोटोंना फ्रेम करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. घरातलं माणूस गेलं की लोक धावत येत, हातात कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो. "यातला एवढा चेहरा मोठा करून द्या हो." मोठा केला की डोळ्यांच्या जागी नुसते डाग. ते आठवलं आणि त्याने घरातले सगळे फोटो धुंडाळले. ताईचा धड असा एकही फोटो घरात नव्हता!

शनिवारी त्याने जुना डीएसएलआर कॅमेरा विकत आणला. सगळ्यात साधं मॉडेल, दहा-बारा वर्षं वापरलेलं, पकडीचं रबर सुटत आलेलं. "शटर अजून दमदार आहे," विकणारा म्हणाला. दमदार कसलं डोंबल! तिसऱ्याच फोटोला आतला आरसा वर अडकून बसला. बॅटरी काढून परत घातली, तेव्हा कुठे तो खाली आला.

रविवारी संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं; दुपारी त्याने ताईला खिडकीपाशी बसवलं. "शिकतोय गं. जरा मॉडेल हो माझी."

"या थोबाडावर शिकणार?" ताई खदाखदा हसली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. बॅग भरताना विनोद, गोळ्या घेताना विनोद.

लेन्स घरघरत पुढेमागे होत राहिली. एकदाचा चेहरा स्पष्ट झाला आणि तो सवयीने बोलून गेला, "हसू नकोस. मान सरळ. वर थोडी जागा सोडतो, फ्रेमच्या पट्टीखाली जाते."

बोलला आणि त्याने जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"भिंतीवर टांगायचंय होय रे मला?" ताईने विचारलं.

"नाही गं! तसं नाही..." त्याने कॅमेरा खाली घेतला. "मला फार भीती वाटते, ताई."

"मग मला काय वाटत असेल, गाढवा?" ताई म्हणाली. "पाच दिवस डोळ्याला डोळा लागला नाही माझा. तू घाबरशील म्हणून हसत बसले."

तिने मान सरळ केली. आता ती हसत नव्हती.

"काढ लवकर," ती म्हणाली, "आणि मग इथे माझ्याजवळ येऊन बस. संध्याकाळपर्यंत उठू नकोस."