साल गाळलेली तारीख

सुरतजवळच्या इच्छापोरला एका ठेकेदाराच्या ऑफिसात प्रज्ञाला सतरा वर्षं झाली होती. तिचे वडील नागनाथ हिंगोलीकडून मिलच्या कामाला सुरतेत आले. मिल बंद पडली, तरी त्यांनी लेकीला बारावीपर्यंत शिकवलं आणि पुढे उधन्याच्या क्लासला कॉम्प्युटर शिकायला घातलं. त्या जोरावर तिने कामगारांची जाडजूड रजिस्टरं एकटीने डेटाबेसमध्ये चढवली. चारशे माणसांची नावं, गेटपास, तपासण्या. कुणाचं काही अडलं की तो तिच्याच टेबलाशी यायचा. याचा तिला अभिमान होता.

ग्राइंडिंगच्या शेडमध्ये दिवसभर लोखंडाचा कर्कश आवाज असायचा, म्हणून तिथल्या माणसांचे कान दरवर्षी तपासत. तपासणीची गाडी फेब्रुवारीत यायची, दोन-तीन दिवस थांबून निघून जायची. कुणाची शेवटची तपासणी कधी झाली याची यादी सेफ्टीचे प्रमोदभाई भिंतीवर लावत. यादीत रकाने वाढत गेले आणि एका वर्षी कागद दोन पानांवर गेला.

"एक पानामां आवी जवुं जोइए," प्रमोदभाई म्हणाले. "एका पानातच बसवा. दोन पानं भिंतीवर कोण वाचणार, प्रज्ञाबेन?"

प्रज्ञाने पाच मिनिटांत तोड काढली. डेटाबेसमध्ये तारीख पूर्णच साठवलेली असते. ती कागदावर कशी दिसावी एवढंच आपण ठरवायचं. तिने यादीच्या फॉरमॅटमधून साल काढून टाकलं. दिवस आणि महिना राहिला, रकाने अरुंद झाले, सगळं एका पानात बसलं. प्रमोदभाई खूश झाले. तीही.

पुढच्या फेब्रुवारीत गाडी आली तेव्हा उखा भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. धुळ्याकडचा हा पन्नाशीतला माणूस बारा वर्षं ग्राइंडरवर होता. पास नवा करायला आला की खिडकीशी उभा राहून प्रज्ञाशी अहिराणीत दोन शब्द बोलल्याशिवाय जात नसे. गाडी गेल्यावर नवी यादी छापली. राहिलेल्यांना हजीऱ्याच्या दवाखान्यात पाठवायचं होतं. उखाच्या नावापुढे '१४ फेब्रु' दिसत होतं, आणि कागदाच्या तळाशी चालू वर्षाची छपाईची तारीख. प्रमोदभाईंनी त्याच्या नावावर बरोबरची खूण केली. ती तारीख आदल्या सालची होती.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत उखाचे कान तपासले तेव्हा डॉक्टर बराच वेळ रिपोर्टकडे पाहत राहिले. दोन्ही कानांना बारीक, उंच आवाज जवळजवळ ऐकू येत नव्हते. गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले. मग विचारलं, "मागच्या वर्षीचा रिपोर्ट कुठाय? तेव्हाच कळलं असतं तर याला त्या शेडमधून हलवता आलं असतं."

रिपोर्ट शोधायचं काम प्रज्ञाकडे आलं. तिने मूळ टेबल उघडलं. तिथे तारीख सालासकट होती, दोन वर्षांपूर्वीची. उठून तिने प्रमोदभाईंना सगळं सांगितलं.

"एक पान मीच मागितलं होतं," ते नजर न मिळवता म्हणाले. "आता हे लिहून कशाला ठेवायचं?"

तिने तरीही लिहून ठेवलं, खाली स्वतःची सही केली. साल चार आकड्यांत परत आणलं आणि दोन पानं स्टेपल करून भिंतीवर लावली. उखाची बदली हत्यारांच्या स्टोअरमध्ये झाली.

रविवारी ती डिंडोलीला त्याच्या घरी गेली. समोर बसून, शब्द सावकाश उच्चारत तिने काय झालं ते सांगितलं. साल आपण काढलं, हेही सांगितलं. उखा तिच्या ओठांकडे पाहत होता.

"ताई, कागद तर मीबी दखेल व्हता," तो म्हणाला. "माले वाटनं, खूण शे म्हंजे मांगली तपासनीच चाली जाई."

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याची बायको भागीरथी चहा घेऊन आली. तेवढ्यात गावाकडून नातीचा फोन आला. उखाने फोन कानाला लावला, हसून दोनदा 'हां हां' केलं आणि भागीरथीकडे दिला.

"पोरीचा आवाज बारीक आहे ना," भागीरथी म्हणाली. "आता ती काय बोलते ते मीच नंतर सांगते यांना."

प्रज्ञाने चहा संपवला. त्यानंतरही ती अधूनमधून डिंडोलीला जात राहिली. उखा नेहमीसारखाच तिचं आगतस्वागत करी. घरी परतताना मात्र दर वेळी तिला वाटे, की त्या दिवशी आपण 'दोन पानं राहू द्या' एवढंच म्हणायला हवं होतं.