शेठजींची मिठाची अंघोळ

माझ्या सासूबाईंनी आयुष्य मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये काढलं. समोर अंघोळ करता येईल एवढी पातेली, हातात पळी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मीठ त्यांनी कधी चमच्याने मोजलं नाही. मूठ पातेल्यावरून फिरवायची, झालं. चव घेऊन बघणाऱ्यांना त्या हसायच्या. "ज्याला अंदाज नाही, त्याने चाटत बसावं," म्हणायच्या. या घरात आल्यावर मी केलेली पहिलीच भाजी अळणी झाली, तर पुढे कितीतरी दिवस पाहुण्यांसमोर माझी ओळख "आमची अळणी" अशी करून द्यायच्या. मी काही गुणाची सून नाही, मनात डूख धरून होते. पण त्यांच्या हातचं जेवायला बसले की दोन घास जास्तच जायचे, हेही खरं.

मेस सुटली आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांची भाजी बिघडायला लागली. आज खारट, उद्या अळणी, परवा मीठ दोनदा. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. सासऱ्यांनी मला दवाखान्याच्या जिन्यातच थांबवलं.

"बाकी काय विसरायचं ते विसरू दे. पण मिठाचा हात गेलाय हे तिला कळू द्यायचं नाही. खचेल ती."

सासरे चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. बोलणं मुळातच कमी. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, तरी ती खारट भाजी मान खाली घालून संपवायचे आणि वर तांब्याभर पाणी प्यायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "बाबा, जिवावर उठलाय का स्वतःच्या?"

"खाल्ल्या मिठाला जागतोय," म्हणाले, आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी सासूबाईंच्या गुडघ्यांचं निमित्त काढून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

त्यानंतर त्या दिवसभर खुर्चीत बसून असायच्या. कोणाला ओरडायचं नाही, कोणाला वाढायचं नाही. तोंडाचा पट्टा थांबला. इतकी वर्षं त्या गप्प बसाव्यात म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि आता ती शांतता मलाच खायला उठायची.

मग शेठजी आजारी पडले. शेठजी म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या पेटीतला पोट सुटलेला नारिंगी मासा. सासऱ्यांचा लाडका. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठले आणि तो कोपऱ्यात पडून राहायला लागला. दुकानदाराने उपाय सांगितला: वेगळ्या टबात जाड्या मिठाचं पाणी करायचं, मीठ मोजूनच, थोडा वेळ त्यात सोडायचं, आणि आडवा व्हायला लागला की लगेच बाहेर काढायचं.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. "मिठाचं काम ना? सरका बाजूला."

आता यांना नाही कोण म्हणणार? सासऱ्यांनी तोड काढली. मीठ मोजून त्याच्या पुड्या बांधल्या आणि रोज एकच पुडी त्यांच्या हातात द्यायला लागले. "एवढ्याशा मिठाला पुडी कसली बांधता? लग्नाचा आहेर आहे का?" अशी कुरकुर करत त्या ती टबात सोडायच्या, हाताने पाणी ढवळायच्या आणि टबाशी बसून शेठजींना दम द्यायच्या. "आज पण जेवण टाकलंस? घरची आठवण येते? येऊ दे. आधी खा, मग रड." वसतिगृहातल्या मुलींशी त्या अशाच बोलत असणार. ठिपके फिके पडायला लागले. शेठजी खायला लागले, आणि सासूबाईही. दारातून मी तो आवाज ऐकायचे आणि मला फार बरं वाटायचं.

त्या दिवशी मी बाजारातून आले तेव्हा सासरे फाटकापाशी मीटर बघायला आलेल्या माणसाशी बोलत होते. आम्ही बरोबरच आत शिरलो. टबात शेठजी आडवे तरंगत होते. सासऱ्यांनी त्यांना उचलून चांगल्या पाण्यात सोडलं, पण उपयोग झाला नाही. पुडीचा कागद जमिनीवर होता आणि शेजारी स्वयंपाकघरातली मिठाची बरणी, अर्धी रिकामी.

सासूबाईंनी टबात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"समुद्र केलाय नुसता! कोणी घातलं एवढं?"

"माझ्या हातून पडलं," सासरे म्हणाले.

"तुम्ही? जन्मात कधी बरणीचं झाकण उघडलंय?"

"मी घातलं, आई," मी पुढे झाले. "घाईघाईत."

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू आत्ता येतेयस. पायात चप्पल आहे अजून."

मग त्यांनी स्वतःचा तळवा बघितला. ओल्या रेषांमध्ये मिठाचे खडे चिकटले होते.

"म्हणजे मी." त्या माझ्याकडे वळल्या. "भाजीतही घालत असेन. म्हणून माझं स्वयंपाकघर काढून घेतलंत. आणि तुम्ही, अहो, बीपीचा माणूस, मुकाट्याने खात होतात?"

"चांगली व्हायची," सासरे म्हणाले.

त्या रडल्या. मी त्यांना तोपर्यंत कधी रडताना बघितलं नव्हतं. जुना डूख बिख कुठल्या कुठे गेला. मी खाली बसून त्यांचे हात पुसत राहिले.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि बरणी माझ्या हातात दिली. "कुलपात ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस. भांडले, शिव्या दिल्या, तरी नाही. माझ्या हातून या माणसाला काही व्हायला नको. शब्द दे." मी दिला.

सकाळी त्या उठल्या त्या शेठजींना हाक मारतच. पेटी रिकामी का, हे सासऱ्यांना पुन्हा सांगावं लागलं. काही दिवसांनी त्यांनी विचारणंही सोडलं. बरणी मात्र सुटलेली नाही. रोज कपाटाचं कुलूप ओढून बघतात, आणि मग माझ्यावर तुटून पडतात. माझ्याच घरात मला चोर ठरवतेस, तुझं काय वाईट केलं मी, म्हणतात. सासरे उठून बाहेर जातात. मी कणीक मळत राहते.

"कोणी सांगितलं तुला मीठ लपवायला? नाव सांग त्या मेलीचं!" सासूबाई ओरडतात.

कोणाचं नाव सांगू मी?