सुंदरीचे मोल

गाणे लागले की महानंदाक्का डोळे मिटायची आणि गाणारा जिथे श्वास घेई तिथे तिचे बोट वर जायचे. गाणे संपेपर्यंत बोट एकदाही हलले नाही, तर डोळे उघडून म्हणायची, “साकु.” हा तिचा माहेरचा कानडी शब्द. पुरे, असा त्याचा अर्थ. मग ते गाणे कितीही गाजलेले असो, त्यावर ती छदामही खर्च करत नसे.

सोलापुरात ती माझी शेजारीण. नवऱ्यामागे चादरींचे दुकान तिने एकटीने चालवले. मी महाविद्यालयात ग्रंथपाल. दर महिन्याला पैसे भरून मी फोनवर गाणी ऐकते, याची तिला मोठी गंमत वाटे. “लाखभर गाणी? अगं, खानावळीत लाखभर भाज्या ठेवल्या तर शिळ्या किती असतील की!” मी म्हणायचे, आवाज किती स्वच्छ आहे ते तरी ऐक. “व्हय, लई स्वच्छ. श्वाससुदा पुसून काढलाय. माणूसच न्हाय त्यात, मग पैसे कुणाला देऊ?”

तिचा डावा कान लहानपणीच गेला होता. गेल्या वर्षी उजव्या कानामागे गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढली नाही तर मेंदूकडे जाईल. काढली तर हा कानही जाईल. रिक्षाने आम्ही घरी आलो. दारातच तिने माझे मनगट धरले. “अंधाराला मी भीत न्हाय गं, दिवा लावता येतोय. ह्याला काय लावायचं?” त्या दिवसापासून घरातला पंखा बंद झाला तरी मी तो पुन्हा लावायला धावायचे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी रुग्णालयात भारीतले हेडफोन घेऊन गेले. म्हटले, हवे ते ऐक, सगळे विकत घेऊ. तिने चार-पाच गाणी ऐकली आणि हेडफोन काढून ठेवले. “साकु. सुंदरीला बोलव.”

परिचारिका लगेच म्हणाली, “एका वेळी एकच नातेवाईक हां, आजी. सुंदरी लेक का तुमची?”

“व्हय, लेकच. अंगानं बारीक, पण रडती लई!” त्या आठवड्यात आक्का हसली ती तेवढीच. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण, वीतभर लांबीची. ती वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ आमच्या ओळखीचे होते. ते संध्याकाळी आले. रुग्णालयाच्या अंगणात, लिंबाखाली, आक्का चाकाच्या खुर्चीत बसली आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

तिने डोळे मिटले नाहीत. बोटही वर गेले नाही, कारण दोन्ही हातांनी तिने माझा हात आवळून धरला होता. वाजवणाऱ्यांचे गाल थरथरत होते. मधेच सूर फाटला. ते घाबरून थांबले तशी ती जवळजवळ ओरडली, “थांबू नका, मामा! फाटू दे, पण थांबू नका!”

रखवालदाराने येऊन उठवेपर्यंत ते वाजवत राहिले. आक्काने पदराआडून पैशांचे पाकीट काढले. मामा मागे सरले. “आक्का, आज नको. आज मला वाजवता आलं न्हाय.”

“घ्या की. फुकट ऐकलेलं फुकटच जातंय. उद्यापासनं मला हेच पुरवून पुरवून ऐकायचंय.”

सकाळी तिला आत नेले. ती शुद्धीवर आलीच नाही.

तिला माती दिल्यावर ते म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर उभे राहिले. हातात तेच पाकीट, न उघडलेले. “बाई, हे परत घ्या. पुरवून ऐकणारीच गेली. मला घरात ठेवायची भीती वाटती.”

भीती मलाही वाटत होती. तरी मी त्यांची मूठ मिटवली.

“ठेवा, मामा. तिनं ऐकून दिलेत.”