धाकट्याचा डेव्हलपर

माझी जीभ तिखट आहे. घरातले सगळे मला टरकून असतात, आणि या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

धाकटा भाऊ अचानक गेला. तेरावं झाल्यावर भावजयीनं त्याचा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "ताई, आत रोल आहे. त्यांनी काढलेले शेवटचे फोटो. बाहेर कुठे देऊ नका, ते स्वतः घरीच धुवायचे. तुम्हाला केमिकलमधलं कळतं." ते खरं होतं. बोईसरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये बॉयलरचं पाणी तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. फोटोतलं मात्र मला ओ की ठो कळत नव्हतं. तो होता तेव्हा विचारायची सोय मीच ठेवली नव्हती. तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

कारण सांगायला लाज वाटते. आईच्या वर्षश्राद्धाला तो स्वतः धुतलेला, स्वतः मोठा केलेला आईचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेऊन आला आणि भिंतीवर टांगला. आई छान हसत होती, पण चेहऱ्यावर बारीक पांढरे ठिपके पडले होते. भरल्या घरात मी म्हणाले, "आईच्या तोंडावर साबुदाणा कुणी उधळला रे?" सगळे हसले. त्यानं फोटो भिंतीवरून काढला, पिशवीत घातला आणि पानं मांडायच्या आत निघून गेला. येईल आपोआप, असं मी म्हटलं. तो आला नाही, मीही गेले नाही. मी पालघरला, तो बोईसरला, मधे फक्त उमरोळी स्टेशन.

फिल्मवरचं न दिसणारं चित्र ज्या द्रावणानं वर येतं, त्याला डेव्हलपर म्हणतात. तो चुकला की चित्र गेलं, दुसरी संधी नाही. त्याच्या कपाटात मला दोन पर्याय सापडले. एक तयार डेव्हलपरची सीलबंद बाटली. दुसरा पर्याय म्हणजे कॉफीच्या बरण्यांत भरलेल्या पावडरी आणि त्या किती घ्यायच्या ते लिहिलेली त्याची वही. मी छापील लेबलवर विश्वास ठेवणारी बाई. बाटलीच घ्यायची असं मनात ठरवलं होतं, तरी त्याला हे काम शिकवणाऱ्या पालघरच्या स्टुडिओवाल्या काकांना फोन केला.

"बाटली चांगली हाय, बाय," काका म्हणाले. "पन तो तिला हात लावीत नव्हता. आपलं आपण वजन करून बनवायचा. म्हनायचा, वजन करायला ताईनं शिकवलंय. फोटो काढतानाच त्याच्या डोक्यात त्याचं औषध असायचं. आता तुमी ठरवा."

मी फोन ठेवला आणि वही उघडली. मापं नीट लिहिलेली होती, दशांश चिन्हासकट, मी शिकवली होती तशी. पुढच्या पानावर 'आईचा फोटो' असं लिहून खाली नोंद होती: 'ठिपके. पाण्यामुळे? ताईला विचारावं.' त्याच्यापुढे पानंच्या पानं पाण्याचे प्रयोग. बोअरचं उकळून. फडक्यातून गाळून. दोनदा गाळून. जारचं, थोडं बरं. मधेच एका पानावर पेन्सिलीनं दोनच शब्द होते, 'विचारू का?'

मी तिथेच फरशीवर बसले. बोअरच्या जड पाण्यातले क्षार फिल्मवर बसतात. बॉयलरच्या नळीवर बसतात तेच हे. मी रोज तेच मोजत होते. त्या दिवशी साबुदाणा म्हणण्याऐवजी "पाणी कुठलं वापरलंस रे?" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. फार रडले. स्वतःचा असा राग मला पूर्वी कधी आला नव्हता.

मग कोपऱ्यावरच्या रिक्षा गॅरेजात गेले आणि बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन आणला. बाटली तशीच कपाटात ठेवली. त्याच्या वहीप्रमाणे, त्याच्याच काट्यावर एकेक पावडर तोलली. द्रावण कोमट वाटलं म्हणून भोवती बर्फ लावून पारा वीस अंशांवर आणला. उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून मी फिल्म डब्यात भरली, तेव्हा भावजय माझे खांदे धरून उभी होती.

फिल्म धुऊन न्हाणीघरात चिमट्याला टांगली. तिच्यावर फार काही नव्हतं. कणीक मळणारी भावजय, दोरीवरच्या चादरी, कारखान्याच्या गेटबाहेर उभी असलेली बस, उमरोळीचा रिकामा बाक. मी कुठेच नव्हते. फिल्मचा पुढचा भाग कोरा होता. भिंग घेऊन मी प्रत्येक फोटो तपासला. एकही ठिपका नव्हता.

वही परत करण्याआधी 'ताईला विचारावं' याच्यापुढे मी माझ्या अक्षरात उत्तर लिहिलं. 'बॅटरीचं पाणी वापर. कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिळतं. आईचा फोटो पुन्हा धुऊन घेऊन ये.'