सुंदरमच्या पायातला आवाज

मला मिळालेली एक ऑर्डर मी पाळली नाही. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, चौकशीतसुद्धा नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी फौजेच्या फील्ड अँब्युलन्समध्ये, म्हणजे फिरत्या इस्पितळाच्या तुकडीत, नर्सिंग असिस्टंट होतो. आमच्या गाड्यांचा कॉन्व्हॉय पुण्याकडे निघाला होता. भर दुपारी चौक गावाच्या पुढे एक गाडी उलटली. दोघे जखमी. ड्रायव्हर सुंदरमचा पाय गुडघ्याखाली मोडून वाकडा झालेला, पाऊल पांढरं, गार. दुसरा लान्स नाईक जनार्दन गायकवाड, पोशीरचा. मी त्याच तालुक्यातल्या पळसदरीचा, त्यामुळे आमची थट्टामस्करी कायमची. त्याला चिंचेखाली निजवलं. "मांडी ठणकतीय रं," एवढंच म्हणाला.

सुंदरमच्या पावलात बोटांना नाडी लागेना. आमच्या डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी नवं यंत्र काढलं, डॉपलर. हातात मावेल एवढा डबा, त्याला पेनासारखी दांडी. आपल्या कानाला कळत नाही असा आवाज ती आत सोडते. वाहत्या रक्तावर आपटून तो परतला की डबा बोलतो. दांडी पावलावर टेकली. डबा गप्पच.

साहेबांनी पाय ओढून सरळ करायला घेतला. मला म्हणाले, "गायकवाड को देखो. पल्स, बीपी."

"जी सर."

तेवढ्यात पाय सरळ झाला आणि डबा बोलला. सूं... सूं... सुपानं भात पाखडावा तसा. मेलेल्या पावलातून रक्त चालल्याचा आवाज! रस्त्याकडेच्या धाब्यावरून जमलेली माणसंही पुढे झुकली. सुंदरमनं विचारलं, "मेरा है, साब?"

"तेरा ही है."

मी हललो नाही. देवळात उभं राहावं तसा ऐकत राहिलो.

चिंचेखालून जनार्दन ओरडला, "ए डाक्टर, मला पन ऐकव की!"

"तुजी तंगडी साबूत हाय. गप पड," मी म्हणालो.

तो हसला. पुन्हा एकदा हाक आली, बारीक. मी नुसता हात वर केला.

गेलो तेव्हा तो घामानं थंड पडला होता. मांडी टम्म फुगलेली. हाड आत मोडून रक्त आतल्या आत साचलं होतं. साहेब धावत आले. सलाईन लावलं, स्प्लिंट बांधली. शेवटी त्याच्या मनगटावर तीच दांडी टेकली. डब्यातून काही आलं नाही.

नंतर मी साहेबांना विचारलं, लवकर कळलं असतं तर? "शायद," म्हणाले. मी कधी गेलो, हे त्यांनी विचारलं नाही.

सुंदरम आज दोन्ही पायांवर चालतो. तो आवाज आठवला की अजूनही हात जोडावेसे वाटतात. लगेच जनार्दन आठवतो.

त्याच्या आईला मी सांगितलं होतं, "जागच्या जागी गेला, काकी. त्याला कळलं पन नाय." ती अजून पोशीरलाच राहते. तिचा मुलगा मला हाका मारत होता आणि मी गेलो नाही, हे तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.